गांगुर्डे बाईंची कुबडी माशी

परवा पेपरात गांगुर्डे बाई गेल्याचं आलं. मी चौथी शिकलेला माणूस, बोट ठेवून वाचतो, पण वाचतो सगळं. त्यात लिहिलं होतं की बाई मृदुभाषी होत्या, मायाळू होत्या, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या होत्या. मी पेपर फेकून दिला.

मृदुभाषी! ज्यानं हे लिहिलं त्यानं बाईंना एकदाही पाहिलेलं नसणार. माणूस गेला की त्याला साखरेच्या पाकात बुडवून काढायची ही कुठली रीत? बाई भांडखोर होत्या. कॉलनीत एकही घर असं नव्हतं जिथं त्यांचं एकदा तरी वाजलं नाही. आमच्याही घरात वाजलं, आणि चांगलं वाजलं. सुमन असती, म्हणजे माझी बायको, तर तिनंच हे सगळं तुम्हाला सांगितलं असतं आणि मी बाजूला बसून हो हो म्हटलं असतं. ती मागच्या वैशाखात गेली. आता घरात हो कुणाला म्हणायचं, तेही कळत नाही. म्हणून लिहायला बसलोय. बाई गेल्या त्या गेल्या, पण त्यांच्या जागी कुणी दुसरीच गोड बाई लोकांनी लक्षात ठेवायला नको.

आणीबाणी उठून थोडाच काळ झाला होता तेव्हाची गोष्ट. आमची कॉलनी नाशिकरोडच्या पुढं, वालदेवी नदीच्या अंगाला. बहुतेक घरं बौद्धांची. कोणी रेल्वेत, कोणी प्रेसमध्ये, कोणी गवंडीकाम करणारं. मी ओझरला विमानाच्या कारखान्यात हेल्पर होतो. अशा वस्तीत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी बाई राहायला कशाला येईल? शहरात खोली मिळेना म्हणून आली. घरमालक आधी हसून चहा विचारायचे, मग आडनाव विचारायचे, मग 'सटाण्याकडचे गांगुर्डे म्हणजे नक्की कोण' असं विचारायचे, आणि मग त्या खोलीत अचानक त्यांचा पुतण्या राहायला येणार असायचा. बाई हे सांगताना कधी रडल्या नाहीत. "एवढे पुतणे नाशकात मावतात तरी कुठं?" असं म्हणायच्या. पण बोलताना त्यांच्या हातातला कप बशीवर वाजायचा, ते मी ऐकलेलं आहे.

उंच, काटकुळी बाई. लग्न केलेलं नव्हतं. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. कॉलेज सोडून बाकी सगळ्यांना, अगदी म्हाताऱ्यांनासुद्धा, अरे-तुरे. राग आला की सटाण्याची बोली तोंडात यायची, आणि 'आहे'चं 'शे' झालेलं ऐकू आलं की आम्ही समजायचो, आता लांब थांबलेलं बरं.

त्यांच्या पिशवीत काचेची एक नळी असायची. तिच्या एका टोकाला रबरी नळी, मधे बारीक जाळी. रबरी टोक तोंडात धरायचं, काचेचं टोक भिंतीवरच्या माशीपाशी न्यायचं आणि श्वास ओढायचा. माशी नळीत. कॉलनीत पहिल्या आठवड्यात बातमी झाली की नवीन बाई माशा पिते.

एके सकाळी बाई न विचारता आमच्या मोरीत शिरल्या. सुमन कणकेच्या हातानं मागं धावली.

"अहो बाई, माझ्या मोरीत काय हरवलं तुमचं?"

"गप. हलू नकोस. भिंतीवर बसलीय."

"कोण?"

"पाहुणी."

"मग पाट देऊ का बसायला?"

बाईंनी श्वास ओढला. नळी उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "तुझी मोरी स्वच्छ आहे."

"म्हणजे? शंका होती होय?" सुमन तडकली. त्या दिवसापासून दोघींचं भांडण सुरू झालं आणि मैत्रीही. मला त्यातला फरक कधी कळला नाही.

बाईंच्या खिडकीत एक जुना सूक्ष्मदर्शक होता, कॉलेजानं मोडीत काढलेला, बाईंनी दुरुस्त करून घेतलेला. आगपेटीच्या काडीला स्वतःच्या पापणीचा केस चिकटवलेला होता. त्या केसानं बाई माशीचा पंख काचेवर सरळ करायच्या. असली माशी, की जी आपण हातानं झटकतो आणि विसरतो. आपण म्हणतो केमर, चिलट, मुरकुट, की झालं. बाईंना ते चालायचं नाही. त्या म्हणायच्या, ही शेकडो घराणी आहेत, एक मातीत वाढतं, एक सडक्या फळात, एक गटारात, एक झाडाच्या पानात. डोळ्यांना सगळी सारखी. पण पंखातल्या शिरा बघितल्या की घराणं कळतं, आणि घराणं कळलं की ती कुठून आली ते कळतं.

"नाव सांगायची घाई करू नकोस. आधी शिरा बघ," हे त्यांचं वाक्य. हे त्या माशांपुरतं ठेवत नसत. कॉलनीत कुणी म्हणालं, अमक्याची सून बाहेरख्याली आहे, की बाई लगेच विचारायच्या, "पंख पाहिलास का?" म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलंस का. समोरच्याचं तोंड बंद. वर्षभरात आमच्या बायका एकमेकींना तसंच विचारायला लागल्या.

मला त्यांनी एकदा बोलावून सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. "काय दिसतं, काशिनाथ?"

"काच दिसते. त्यावर पाण्यासारखं कायतरी."

"नीट बघ. पुढची कड?"

पुढची कड जाड होती, काळी, राठ केसांची. बाकी पंखात तीन-चार फिकट रेघा, तिरप्या, एकमेकींना कुठं न भेटणाऱ्या. मी म्हणालो, "आमच्या विमानाचंपण असंच असतं, बाई. पुढची कड मजबूत लागते."

बाई खूश झाल्या. असं फार क्वचित व्हायचं. "ही कुबडी माशी," त्या म्हणाल्या. "पाठीला पोक असतो. उडण्यापेक्षा पळते जास्त. आणि आता हे केमर बघ." दुसऱ्या काचेवर गोल पंख होता, सगळ्या शिरा एकसारख्या, आणि मधे त्यांना जोडणाऱ्या बारक्या आडव्या रेघा. "केमर सडक्या फळावर होतं. कुबडीला जमिनीखाली कुजलेली घाण लागते. कळला फरक?"

तेव्हा मला वाटलं, कळला तर कळला, त्यानं कुणाचं काय होणार आहे.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात कॉलनीत कावीळ आली. आधी एक घर, मग शेजारचं, मग समोरचं. आणि सगळीकडं त्या बारक्या माशा. भाकरीवर, दुधावर, झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात. आम्ही ऑफिसात तक्रार दिली. कुठलं ऑफिस ते लिहीत नाही. आता तिथं दुसरी माणसं बसत असतील. एक साहेब आले. नाकाला रुमाल. रस्त्यावर उभे राहूनच म्हणाले, "ही केमरं आहेत. सडकी फळं, उष्टंखरकटं घरात ठेवलं की होतात. तुम्ही लोक आधी नीट राहायला शिका."

तुम्ही लोक. माझं वय झालं, पण ते दोन शब्द अजून कानात तसेच आहेत. सुमन दारात उभी होती. तिचं घर इतकं लख्ख असायचं की चहा सांडायची भीती वाटायची. 

संध्याकाळी बाई कॉलेजातून आल्या तेव्हा सगळं ऐकलं. विचारलं, "त्यानं पंख पाहिला?"

"नाय बाई. रुमाल होता नाकाला."

"म्हणजे नाकानंच ओळखली."

बाईंनी खिडकीच्या तावदानांच्या जुन्या काचा जमवल्या. त्यांना एरंडेल चोपडलं आणि संध्याकाळी तेलाची बाजू खाली करून प्रत्येक मोरीच्या तोंडावर, गटाराच्या भोकावर एकेक ठेवली. माशी वर यायला गेली की काचेला चिकटायची. सामाईक नळाच्या ओट्याला एक लांब फट पडली होती, तिच्यावरही एक काच. हे सगळं वाहून न्यायला त्यांच्याबरोबर मंदा होती. मंदा म्हणजे भिका गवंड्याची बायको, नवीन लग्न झालेली, सातवा महिना चाललेला. पोटावर हात ठेवून काचा नेताना ती हसायची. "बाई, माझं पोर पहिला शब्द माशी म्हणणार बघा."

"कुबडी म्हणू दे. नुसतं माशी म्हटलं तर नापास करीन."

सकाळी मोऱ्यांवरच्या काचा जवळजवळ कोऱ्या. ओट्याच्या फटीवरची काच काळी झालेली. बाईंनी दिवसभर पंख तपासले. सगळ्या कुबड्या. केमर एकही नाही. बाईंनी नळापाशी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "तुमच्या घरात घाण नाही. ओट्याखाली मैल्याचा पाइप फुटलाय, आणि तिथूनच प्यायच्या पाण्याचा पाइप जातो. नळाचं पाणी गेलं की तो पाइप घाण आत ओढतो. पाणी उकळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही."

सांगणं सोपं. रॉकेलसाठी तेव्हा रांगेत दिवस जायचा. ज्याला स्वयंपाकाला पुरत नव्हतं, तो पाणी कशावर उकळणार? जमेल तितकं बायकांनी केलं.

बाई रोज कॉलेज सुटल्यावर त्या ऑफिसात जाऊन बसायच्या. शेवटी साहेब कबूल झाले. सोमवारी येतो, तुमची माशी दाखवा, मग खोदायचं बघू.

रविवारी बाई सटाण्याला गेल्या होत्या, आई आजारी होती. आणि त्या रविवारी आमच्या कॉलनीनं जे केलं ते आमच्यासारख्यांनीच करावं. साहेब येणार म्हणून सुमननं सगळ्या बायका गोळा केल्या. "परत कुणी राहायला शिका म्हणायला नको," एवढंच ती म्हणाली आणि सगळ्यांना पटलं. रस्ता झाडला, गटारं उपसली, फिनेल ओतलं, चुन्याच्या रेघा मारल्या. दारांपुढं रांगोळ्या. भिकानं सिमेंट आणलं आणि नळाचा ओटा नवा केल्यासारखा केला. ती फट बुजवून, थापीनं घोटून असा गुळगुळीत केला की त्यात तोंड दिसावं. मंदा बाजूला बसून त्याला पाणी देत होती.

सोमवारी बाई एसटीतून उतरून थेट नळावर आल्या. साहेब आलेले. बाईंनी ओट्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "हाई काय शे?"



साहेब इकडं-तिकडं फिरले. भिकाच्या सिमेंटनं वाट बुजलेली, वर फिनेलचा वास. माशी कुठून दिसणार? "छान," साहेब म्हणाले. "सांगितलेलं कळतं म्हणायचं तुम्हाला. कुठाय तुमची माशी?"

बाईंनी पंखाची काच पुढं केली. खाली काय असणार ते सांगितलं. ओटा फोडा म्हणाल्या. साहेब हसले. "बाई, माशीच्या पंखावरून रस्ता खोदायचा? वर काय सांगू मी?" आणि गाडीत बसून गेले.

मग बाई सुमनवर फिरल्या. "मी तुले सांगं व्हतं ना, कशालाच हात लावू नका म्हणून! स्वच्छ दिसायची हौस तुम्हाला! आता बसा स्वच्छ!"

सुमन कधी ऐकून घेणारी नव्हती. "तुम्ही कॉलेजात असता, बाई. दारात उभं राहून ते आम्ही ऐकलंय. माझ्या घरात घाण नाय हे तुम्ही म्हणालात, त्यानं नाय म्हटलं. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं मला."

"मला कुणी काही म्हणत नाही असं वाटतं तुला? किती खोल्या नाकारल्यात मला, माहीत आहे?"

"माहीत आहे की! मग तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं ना?"

  बाई पिशवी उचलून घरी गेल्या.

आजही कॉलनीतली काही म्हातारी म्हणतात, आपलंच चुकलं, आपणच पुरावा बुजवला. मला ते ऐकून संताप येतो. माणसाला घाणेरडा म्हणायचं, त्यानं घर धुतलं की तक्रार खोटी ठरवायची, आणि चूक कुणाची, तर धुणाऱ्याची!

पावसाळा लागता लागता मंदाला कावीळ झाली. पोटुशीला ती कावीळ सोडत नाही, हे बाईंना माहीत होतं. दवाखान्यात त्या तिच्या उशाशी होत्या. मंदा गेली, पोरही गेलं. भिका परत आला तेव्हा नळाच्या ओट्यावर बसला, आपल्याच सिमेंटवर हात फिरवत. बाई त्याच्याजवळ गेल्या. मी मागंच होतो.

"बाई," तो म्हणाला, "हे माझ्या हातानं झालं का?"

मला भीती वाटली. बाई खोटं बोलत नसत. तोंडावर खरं सांगून माणसं तोडायची त्यांची ख्याती.  त्या म्हणाल्या, "नाही. फट उघडी असती तरी त्याला माशी दिसली नसती. त्याला बघायचंच नव्हतं."

मग त्यांनी शेजारच्या घरातून कुदळ मागितली, साडी खोचली आणि ओट्यावर घाव घातला. साधा टवकाही उडाला नाही. भिकाचं काम पक्कं होतं. भिकानं त्यांच्या हातातली कुदळ घेतली. मग आम्ही सगळे लागलो. माझी पाळी होती, कारखान्याची बस मी जाऊ दिली. सुमन घमेल्यानं माती काढत होती. बाई आणि ती एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण घमेली एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात होती. सिमेंटचा थर निघाला तसा खालून माशांचा लोट उठला, धुरासारखा. खाली मैल्याचा पाइप सांध्यात फुटलेला, आणि त्या राड्यात बुडालेला पाण्याचा लोखंडी पाइप, गंजून चाळणी झालेला. बाई ओरडल्या नाहीत, मी सांगितलं होतं असंही म्हणाल्या नाहीत. खड्ड्याच्या कडेला बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. ऑफिसानं तक्रार दिली होती, सरकारी नळ तोडला म्हणून. नाव फक्त बाईंचं. शिकलेली ना, चिथावणारी तीच असणार! कॉलेजानं बाईंना सांगितलं, हे मिटवून या, तोवर रजेवर राहा. आणि ऑफिसानं आम्हाला सांगितलं, बाई माफी मागतील तर तक्रार मागं घेऊ आणि नवा पाइपही टाकू. नाहीतर प्रकरण कोर्टात, तोवर खड्ड्याला हात लावता येणार नाही.

हे बाईंना सांगायला मी आणि सुमन गेलो. मला वाटलं, बाई आता आमच्यावर धावून येणार. खरं निघालेल्या माणसानं खोट्याची माफी मागायची, हे मलाच गिळवत नव्हतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि सुमनला विचारलं, "आत्ता पाणी कुठून आणता?"

"वरच्या विहिरीवरून. लय गर्दी असते."

"चल, काशिनाथ," म्हणून त्यांनी चप्पल घातली.

ऑफिसात साहेबांनी त्यांना उभंच ठेवलं. बाईंनी माफी लिहिली. साहेबांनी ती वाचली आणि म्हणाले, "'माझ्या चुकीच्या समजुतीमुळे' असं घाला." बाईंनी तेही घातलं.  कागद टेबलावर सरकवून म्हणाल्या, "माफी मागितली. आता पाइपची तारीख सांगा." आणि तारीख मिळेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

पाइप आला. उद्घाटनाला पुढारी आले, साहेबांच्या गळ्यात हार पडला. भाषणात बाईंचं नाव कुणी घेतलं नाही. नळ सोडला तेव्हा आमच्या बायका हंडे-कळशा घेऊन रांगेत उभ्या होत्या, आणि एकीनंही हंडा खाली लावला नाही. पाणी रस्त्यावरून वाहत चाललं. साहेब ओरडायला लागले, "अहो, भरा की! एवढं पाणी दिलं तर वाया घालवताय!" सुमन पहिल्या नंबरवर होती, ती त्यांच्याकडं बघत राहिली. पाणी गढूळ होतं, मग हळूहळू निवळलं, तेव्हा तिनं पहिला हंडा भरायला भिकाला पुढं केलं.

तसं करायला बाईंनीच सांगितलं होतं. माफी लिहून झाल्यावर त्या कॉलनीत परतल्याच नाहीत. 'चुकीच्या समजुतीचा' कागद लिहून पुन्हा त्याच कॉलेजात शिकवायचं, हे त्यांना जमणार नव्हतं, असं मला वाटतं. ऑफिसातून थेट सीबीएसच्या एसटी स्टँडवर गेल्या, सटाण्याच्या गाडीसाठी. पुढं त्या कळवणकडं शिकवायला लागल्या असं कानावर आलं. सामान न्यायला भाऊ आला होता. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या स्टँडवर. गर्दीत घुसून त्यांनी खिडकीची जागा पकडली होती आणि आधी बसलेल्या माणसाशी त्यांचं वाजलंही होतं. चेहरा लाल. मला वाटलं, आता तरी त्या साहेबाला एखादी शिवी देतील. गाडी सुटली तशी त्यांनी मान बाहेर काढली.

"काशिनाथ! सुमनला सांग, पहिलं पाणी सांडू द्या. नव्या पाइपात माती असते. कुणीही ओरडलं तरी भरू नका. ऐकलंस का?"

"हो, बाई."

"नुसतं हो म्हणू नकोस, सांग तिला!"

गाडी वळली. मान बाहेरच होती, आणि कंडक्टर ती आत घ्यायला सांगत होता, आणि बाई आता त्याला काहीतरी सुनावत होत्या.